मिस्टर सी यांचं विद्यापीठ

टूटूच्या, म्हणजे बॅलेतल्या घेरदार पोशाखाच्या, चोळीला आतून, पाठीवरच्या हुकांशेजारी, सुती कापडाची एक पट्टी शिवलेली असते. ती चोळी यंदा ज्या मुलीच्या अंगावर चढणार तिचं नाव त्या पट्टीवर पक्क्या शाईनं लिहायचं. पुढच्या मोसमात भूमिका दुसरीकडे गेली की जुन्या नावाखाली नवं नाव येतं. चांगली शिवलेली चोळी कितीतरी मोसम टिकते, कारण बाजूच्या शिवणींत भरपूर माया ठेवलेली असते आणि हुकांच्या दोन-तीन रांगा असतात. यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत बॅलेच्या कपडेपटात काम करताना मी या पट्ट्या वाचत आले.

मी मूळची गिरगावची. माझी आत्या नाटकांचे कपडे शिवायची. संगीत नाटकांतले शेले आणि अंगरखे आमच्या दोन खोल्यांत दोरीवर टांगलेले असत. माप देताना नट मन मोकळं करतात हे मी तिथं पाहिलं, आणि इथंही तेच पाहते. फिटिंगला उभ्या राहिलेल्या मुली बोलतात. कुणी अठराव्या वर्षी ट्रेनी म्हणून थेट कंपनीत आलेली असते, कुणी बाविसाव्या वर्षी विद्यापीठाची पदवी घेऊन. पहिलीला वाटतं, आपलं शिक्षण राहून गेलं. दुसरीला वाटतं, आपल्याला उशीर झाला. कंबरेला टेप लावता लावता हे दोन्ही सल मी इतक्या जणींकडून ऐकले, की या व्यवसायात कॉलेज आलं कुठून आणि त्यानं नर्तकीच्या आयुष्याचं नेमकं काय केलं, याचा मागोवा घेतल्याशिवाय मला राहवलं नाही. त्यातला सगळ्यांत मोठा अध्याय मी राहते त्याच गावात घडला आहे.

मुळात बॅलेला कॉलेजची गरज नव्हती. पॅरिस ऑपेराची शाळा १७१३ ची. पीटर्सबर्गची १७३८ ची. जाँ-बातिस्त लांदे या फ्रेंच गुरूनं ती राजवाड्यातल्या नोकरांची मुलं घेऊन सुरू केली. पद्धत तेव्हापासूनची आहे: नऊ-दहा वर्षांचं मूल निवडायचं, नाच आणि अक्षरओळख एकाच छपराखाली शिकवायची, आणि सतरा-अठराव्या वर्षी त्याला थिएटरच्या हवाली करायचं. यामागं शरीराचं गणित आहे. पाय कमरेच्या सांध्यातून बाहेर वळवायचा, पावलाची कमान घडवायची, बोटांच्या टोकावर अंगाचा भार तोलायचा, हे सगळं हाडं कोवळी असताना हळूहळू करावं लागतं. पुढं नाचायला मिळतात ती वर्षंही थोडी. पॅरिस ऑपेराचे नर्तक ४२ व्या वर्षी निवृत्त होतात, पण तिथं राज्यसंस्था पाठीशी आहे, पेन्शन आहे. लहानपणी घेतलेल्या मुलाला म्हातारपणी सोडून द्यायचं नाही, असा तो पूर्ण व्यवहार आहे.

अमेरिकेनं या व्यवहाराचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा तिथंच सोडला. हार्वर्डचा पदवीधर लिंकन कर्स्टीन यानं १९३३ मध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालंचिन यांना न्यू यॉर्कला आणलं. २ जानेवारी १९३४ रोजी त्यांची स्कूल ऑफ अमेरिकन बॅले सुरू झाली. ज्या माणसामुळे अमेरिकेला बॅले मिळाला तो उत्तम शिकलेला होता, पण त्यानं उभारलेल्या वाटेवर नर्तकीला कॉलेजात जायला फुरसत नव्हती. सुझन फॅरेल १६ व्या वर्षी बालंचिन यांच्या न्यू यॉर्क सिटी बॅलेत आली, गेल्सी कर्कलंड १५ व्या वर्षी. ज्या वयात आपल्याकडची मुलगी दहावीच्या क्लासची वही भरत असते त्या वयात यांच्यावर रोजच्या खेळाची जबाबदारी होती. त्यांच्या कलेपुढं मी हात जोडते. पण राजा नाही, पेन्शन नाही आणि शिक्षणही नाही, अशा स्थितीत तिशी-पस्तिशीत गुडघा गेलेल्या मुलीनं काय करायचं, याचा विचार कुणी केलेला नव्हता.

दुसरीकडे विद्यापीठांत नाच शिरला होता, पण तो बॅले नव्हता. विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच'डब्लर नावाच्या बाई मुलींच्या शारीरिक शिक्षणाच्या विभागात होत्या. त्या मूळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी, बास्केटबॉल शिकवायच्या, स्वतः नर्तकी नव्हत्या. १९१७ च्या सुमारास त्यांनी नाच शिकवायला घेतला. वर्गात माणसाचा सांगाडा आणून ठेवला आणि मुलींना आधी जमिनीवर झोपवून सांधे कसे हलतात ते शोधायला लावलं. १९२६ मध्ये त्यांच्याच प्रयत्नांनी तिथं नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, अमेरिकेतला पहिला. त्यांना रंगमंचावरच्या नर्तकी तयार करायच्या नव्हत्या. चांगली माणसं आणि चांगल्या शिक्षिका घडवायच्या होत्या. पुढं १९३४ पासून बेनिंग्टन कॉलेजच्या उन्हाळी वर्गांत मार्था ग्रॅहम यांच्यासारखे कलावंत आले आणि कॉलेज म्हणजे मॉडर्न डान्स, असं समीकरणच झालं. म्हणून हार्लेममधून आलेल्या आर्थर मिचेलला बेनिंग्टनची शिष्यवृत्ती मिळत असतानाही त्यानं ती नाकारून बालंचिन यांची शाळा धरली. त्याला बॅले करायचा होता, आणि १९५० च्या दशकात बॅले करायचा तर कॉलेजची वाट सोडावी लागे. १९५५ मध्ये तो न्यू यॉर्क सिटी बॅलेत दाखल झाला, आणि १९६९ मध्ये त्यानं डान्स थिएटर ऑफ हार्लेमची स्थापना केली.

पदवी घेऊन बॅलेत आलेली माणसं तेव्हाही होती, पण त्यांच्यासाठी पदवी ही नाचाच्या आड येणारी गोष्ट होती. अ‍ॅग्नेस द मिल यांना वडिलांच्या विरोधामुळे कॉलेजची पायरी चढावी लागली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्या इंग्रजी घेऊन उत्तीर्ण झाल्या. पुढं १९४२ मध्ये त्यांचा ‘रोडिओ’ हा बॅले आणि १९४३ मध्ये त्यांनी नाच बसवलेलं ‘ओक्लाहोमा!’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं. त्यांची आत्मचरित्रं वाचली की इंग्रजीचा अभ्यास वाया गेला नाही हे कळतं. तरी सुरुवातीची बरीच वर्षं त्यांना धड काम मिळालं नव्हतं, हेही विसरू नये.

एडवर्ड व्हिलेलाची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. क्वीन्समधल्या बेसाइड भागातला हा मुलगा. बेसबॉल लागून तो एकदा बेशुद्ध पडला, तेव्हापासून आई त्याला एकटा सोडेना. बहिणीच्या बॅलेच्या क्लासला त्यालाही बरोबर नेऊ लागली. दहाव्या वर्षी तो बालंचिन यांच्या शाळेत पोहोचला. वडील ट्रकच्या धंद्यातले. मुलगा सोळा वर्षांचा झाल्यावर त्यांनी ठरवलं, नाच पुरे, आता कॉलेज. त्यानं न्यू यॉर्कच्या मेरिटाइम कॉलेजात प्रवेश घेतला, बॉक्सिंगच्या वेल्टरवेट गटात विजेता ठरला आणि १९५७ मध्ये सागरी वाहतुकीची पदवी घेतली. त्याच वर्षी तो न्यू यॉर्क सिटी बॅलेत आला.

त्याचं नाव झालं. १९६० मध्ये बालंचिन यांचा ‘प्रॉडिगल सन’ त्याच्यासाठी पुन्हा उभा राहिला, आणि १९६२ मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात प्रेक्षकांनी त्याला एक नाच लगेच पुन्हा करायला लावला. पण सोळा ते वीस या वयात, ज्या वर्षांत नर्तकाचं शरीर पक्कं घडतं, तो मुष्टियुद्ध करत होता. परतल्यावर त्यानं राहिलेली वर्षं भरून काढायला शरीर इतकं ताणलं की पोटऱ्या आणि मांड्या आखडून दगड होत. स्टॅन्ली विल्यम्स या डेन्मार्कच्या शिक्षकानं त्याला पुन्हा पहिल्यापासून, शांतपणे, बारवर (सरावाच्या आडव्या दांड्यापाशी) उभं राहायला शिकवलं तेव्हा तो टिकला. पुढं कमरेचा सांधा बदलावा लागला. व्हिलेला असामान्य होता म्हणून तरला. त्याच्या जागी मध्यम ताकदीचा कुणी असता तर त्या पदवीनं त्याचा नाच संपवला असता. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक ‘उशीर झाला’ म्हणणाऱ्या मुलीच्या मनात हीच भीती असते, आणि ती खोटी नाही. कॉलेजच्या आवारात बार नसेल तर चार वर्षं फार महाग पडतात.

बार कॉलेजच्या आवारात आणला तो विलम क्रिस्टेन्सन यांनी. सॉल्ट लेकमध्ये अजून जुनी माणसं त्यांना ‘मिस्टर सी’ म्हणतात.

क्रिस्टेन्सन घराणं डेन्मार्कहून मॉर्मन पंथाबरोबर यूटात आलेलं. घरात संगीत आणि नाच दोन्ही पिढीजात. काका नाचाचे क्लास चालवत. मॉर्मन लोकांत नाच वर्ज्य नव्हता, उलट वसाहतीच्या पहिल्या काळापासून त्याला उत्तेजन होतं. पंथाचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांनी सॉल्ट लेकसारख्या वाळवंटी गावात १८६२ मध्येच मोठं थिएटर बांधलं होतं. अशा भूमीत, ब्रिगहॅम सिटीत, १९०२ मध्ये विलम जन्मले. हॅरोल्ड आणि लू हे धाकटे भाऊ. इटालियन गुरू स्टेफानो मास्कान्यो यांच्याकडून आलेली विद्या घरात होती, पण अमेरिकेत बॅले कंपनीच नव्हती. म्हणून विलम आणि लू वॉडव्हिलच्या फिरत्या खेळांत शिरले. जादूगार, कसरतपटू आणि शिकवलेले प्राणी यांच्या मधल्या मिनिटांत ते शास्त्रशुद्ध बॅले करून दाखवत. मला या काळाबद्दल फार आदर वाटतो. तमाशाच्या फडापासून संगीत नाटक कंपन्यांपर्यंत, गावोगाव तंबू ठोकत कला जगवणारी माणसं मी ऐकून-पाहून आहे. प्रेक्षकाला दोन मिनिटांत धरून ठेवायची विद्या तिथंच येते, आणि विलम यांच्यात ती शेवटपर्यंत होती.

१९३२ मध्ये त्यांनी फिरस्ती सोडून ओरेगनमधल्या पोर्टलंडला शाळा काढली. तिथून ते सॅन फ्रान्सिस्को बॅलेत गेले आणि १९३८ मध्ये तिथले संचालक झाले. १९४० मध्ये त्यांनी ‘स्वान लेक’ पूर्ण लांबीचा बसवला आणि २४ डिसेंबर १९४४ रोजी ‘नटक्रॅकर’. अमेरिकी कंपनीनं हा बॅले अख्खा सादर करण्याची ती पहिली वेळ. विलम यांनी मूळ रशियन प्रयोग पाहिलेलाच नव्हता. बालंचिन आणि नर्तकी अलेक्झांड्रा डॅनिलोव्हा गावात आले असताना त्यांनी दोघांना बसवून घेतलं आणि पीटर्सबर्गला लहानपणी पाहिलेला खेळ त्यांच्याकडून ऐकला. डॅनिलोव्हा उठून नाचून दाखवू लागल्या तेव्हा बालंचिन यांनी त्यांना थांबवलं: गोष्ट सांगू, पावलं याची यालाच रचू दे. युद्धाचा काळ, कापड रेशनवर. रसेल हार्टली या पोरसवदा कलाकारानं जुन्या थिएटरच्या पडद्याचं मखमली कापड मिळवून पोशाख केले. कपडेपटात बसून ही हकीकत वाचताना मला त्या मुलाचे हात दिसतात.

आणि हा माणूस १९५१ मध्ये, ४९ व्या वर्षी, एवढी कंपनी धाकट्या भावाच्या, लूच्या, हाती देऊन यूटाला परत आला. पत्नीचं आजारपण हे एक कारण. दुसरं कारण यूटा विद्यापीठानं त्यांना दिलेली जागा. नाट्यविभागाच्या छत्राखाली त्यांनी बॅले शिकवायला सुरुवात केली, आणि त्यातून अमेरिकी विद्यापीठातला पहिला बॅले विभाग उभा राहिला. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ बॅलेच्या पहिल्या पदवीचा मान १९४९ सालापासून आपला म्हणून सांगतं, आणि तो मान त्यांना खुशाल असावा. पण पदवी देणं आणि एका विद्यापीठातून अख्खी व्यावसायिक कंपनी उभी करणं यांत फरक आहे, आणि ते दुसरं काम इथं झालं.

ते कसं झालं हे नीट पाहण्यासारखं आहे. बॅले उभा करायला काय लागतं? रोज सकाळी दीड तास क्लास घ्यायला लाकडी, लवचीक जमीन. पियानोवादक. मंच. पडदे आणि नेपथ्य करणारे सुतार-रंगारी. शिंपी. वाद्यवृंद. आणि चार-पाच वर्षं एकाच जागी टिकून राहतील अशी तरुण मुलं-मुली. शिवाय या सगळ्याचा हिशेब जुळेपर्यंत गुरूच्या घरी चूल पेटती ठेवणारा महिन्याचा पगार. न्यू यॉर्कपासून तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या गावात हे सगळं कोण पुरवणार? विद्यापीठाकडे हे सगळं होतं, फक्त ते वेगवेगळ्या विभागांत विखुरलेलं होतं. नाट्यविभागाकडे सुतार आणि शिंपी, संगीत विभागाकडे वादक, आवारात १९३० मध्ये बांधलेला किंग्सबरी हॉल. मिस्टर सी यांनी ते एकत्र आणलं. १९५५ च्या डिसेंबरात त्यांनी ‘नटक्रॅकर’ सॉल्ट लेकमध्ये आणला, मॉरिस अब्राव्हानेल यांच्या यूटा सिंफनीच्या साथीनं. हायस्कूल संपलेल्या मुलाला बॅलेच्या शाळेत पाठवायला न धजणारा बाप त्याला विद्यापीठात मात्र आनंदानं पाठवतो, आणि तिथं तो नाट्यविभागातून चालत बॅलेच्या वर्गात येऊ शकतो, ही सोय पुरुष नर्तकांच्या दृष्टीनं किती मोठी होती ते पुरुषांच्या पोशाखांतल्या पट्ट्यांवरची जुनी नावं पाहिली की कळतं.

याच आवारात दुसरा एक विभाग होता, मॉडर्न डान्सचा. एलिझाबेथ हेज यांनी तो १९४० पासून वाढवला होता. त्या विस्कॉन्सिनमध्ये एच'डब्लर बाईंकडे शिकलेल्या. म्हणजे विद्यापीठीय नृत्याचे दोन्ही प्रवाह एकाच टेकडीवर नांदत होते, स्वतंत्र विभाग म्हणून. २०१६ मध्ये ते एकत्र होऊन स्कूल ऑफ डान्स झाली.

१९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशननं अमेरिकेतल्या मोजक्या बॅले संस्थांना मिळून सुमारे ७७ लाख डॉलर देऊ केले. मोठा वाटा बालंचिन यांच्याकडे गेला आणि त्यावर खूप ओरड झाली. पण त्या यादीत न्यू यॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन यांच्या पंगतीत यूटाचं नाव होतं, आणि ते तिथं आलं ते विद्यापीठाच्या बारा वर्षांच्या कामामुळे. त्या वर्षी ग्लेन वॉकर वॉलेस या कलाप्रेमी बाईंच्या साथीनं यूटा सिव्हिक बॅले स्थापन झाला. १९६८ मध्ये त्याचं नाव बॅले वेस्ट झालं. मिस्टर सी यांच्यामागून आलेले संचालक ब्रूस मार्क्स हेही कॉलेजातून आलेले, ब्रँडाइस आणि ज्युलियर्ड अशा दोन्हीकडे शिकलेले.

आता शिष्य पाहा. होनोलुलूचा फिनिस जुंग १९५९ मध्ये इथून पदवी घेऊन बाहेर पडला. सॅन फ्रान्सिस्को, जॉफ्री आणि हार्कनेस या कंपन्यांत नाचला आणि नंतर न्यू यॉर्कमध्ये नावाजलेला शिक्षक झाला. आयडाहोतल्या रेक्सबर्गचा केंट स्टोवेल इथं शिकून सॅन फ्रान्सिस्को आणि न्यू यॉर्क सिटी बॅलेत गेला, आणि १९७७ पासून पत्नी फ्रान्सिया रसेलबरोबर त्यानं सिअ‍ॅटलचा पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅले घडवला. मोंटानातल्या मिसूलाचा मायकेल स्म्युइन मिस्टर सी यांच्याकडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९७३ पासून तिथं सहसंचालक झाला. ऑग्डेनचा बार्ट कुक न्यू यॉर्क सिटी बॅलेत पोहोचला. ही सगळी लहान गावांची मुलं. यांतली इतकी जणं पुढं शिक्षक आणि संचालक झाली, याचं कारण माझ्या मते असं, की त्यांनी बॅले जुळताना पाहिला. कंपनीतल्या ट्रेनीला स्वतःच्या ओळीपुरता नाच दिसतो. विद्यापीठातल्या मुलाला नेपथ्याचा रंग वाळताना दिसतो, संगीताचा ताल मोजायला लागतो, लहान मुलांचा क्लास घ्यायला लागतो.

हे मला फिटिंगमध्ये रोज दिसतं. पदवी घेऊन आलेली मुलगी सांगते, ‘ही शिवण खांद्याच्या पात्याला अडते आहे, दोन बोटं खाली घ्या.’ ती शरीरशास्त्र शिकलेली असते, पात्याचं हाड हात वर जाताना कुठं सरकतं ते तिला ठाऊक असतं. अठरा वर्षांची मुलगी नुसतं म्हणते, ‘टोचतंय.’ तिच्या पाठीची लवण मात्र अशी असते की चोळीत कळी घालावी लागते, आणि तशी लवण पंचविशीत कुणाला नव्यानं येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या मुलीला सतराव्या वर्षी मोठ्या कंपनीचा पगारी करार समोर आला आहे तिनं कॉलेजसाठी तो सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण असे करार फार थोड्यांच्या वाट्याला येतात. बाकीच्यांना आजकाल ट्रेनी म्हणून ठेवतात: बिनपगारी, कधी उलट फी घेऊन, एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. ‘नटक्रॅकर’मध्ये बर्फाच्या पाकळ्या व्हायच्या आणि वसंतात कळायचं की जागा नाही. या तीन वर्षांपेक्षा विद्यापीठातली चार वर्षं कशी जास्त लांब म्हणायची? रोजचा क्लास तिथंही आहे, बोटांच्या टोकावरचा पॉइंट आहे, जोडीचा नाच आहे, मंच आहे. वर इतिहास, संगीत, शरीरशास्त्र आणि शिकवण्याची विद्या आहे. इंडियाना विद्यापीठात तर बॅलेच्या पदवीबरोबर नाचाबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो. तिथं मरीना स्वेतलोव्हा यांनी दोन दशकांहून अधिक काळ विभाग चालवला, आणि १९९६ पासून व्हायोलेट व्हर्डी शिकवायच्या, ज्या बालंचिन यांच्या कंपनीतल्या पहिल्या फळीच्या नर्तकी. सुझन फॅरेल स्वतः पुढं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शिकवू लागल्या. सोळाव्या वर्षी कॉलेजला वळसा घालून गेलेली पिढी गुरू होऊन कॉलेजात परतली.

फीचा प्रश्न टाळता येणार नाही. अमेरिकेतली चार वर्षं म्हणजे अनेक घरांना कर्ज, आणि नर्तकीच्या पगारातून ते फेडणं कठीण. शिष्यवृत्ती नसेल तर मी कुणालाही डोळे मिटून जा म्हणणार नाही.

जे आधीच कंपनीत गेले त्यांच्यासाठी उशिरा का होईना वाट निघाली. १९९९ मध्ये क्लेअर शेरिडन यांनी कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज कॉलेजमध्ये लीप नावाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, नाचत असलेल्या आणि नाच सोडलेल्या नर्तकांसाठी. वर्ग तालमींच्या वेळा सांभाळून, आणि रंगमंचावरच्या अनुभवाला अभ्यासाचे गुण. वीस वर्षं घाम गाळून जे शिकलात ते शिक्षणच आहे, हे एखाद्या कॉलेजनं कागदावर मान्य करणं ही लहान गोष्ट नाही. डेमियन वोत्झेल न्यू यॉर्क सिटी बॅलेचा मुख्य नर्तक असतानाच हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये शिकला, २००७ मध्ये लोकप्रशासनातली पदव्युत्तर पदवी घेतली, २००८ मध्ये मंच सोडला आणि २०१८ मध्ये ज्युलियर्डचा अध्यक्ष झाला. त्याच ज्युलियर्डचा नृत्यविभाग मार्था हिल यांनी उघडला होता १९५१ मध्ये, मिस्टर सी यूटाला आले त्याच वर्षी.

हा काळ आपल्याकडेही तसाच होता, हे मला विशेष वाटतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये नृत्याचं पदवी शिक्षण सुरू झालं. तिथं शिकवणारे कुबेरनाथ तंजोरकर हे, सयाजीरावांची राणी होऊन तंजावरहून आलेल्या चिमणाबाईंबरोबर गायकवाडांच्या दरबारी आलेल्या नर्तकींच्या परंपरेतले. पुढं मुंबईत कनक रेळे यांचं नालंदा उभं राहिलं, पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र झालं. ‘नाचाला डिग्री कशाला?’ हा प्रश्न तिथंही विचारला गेला. पण कथक किंवा भरतनाट्यम् करणारी बाई साठीतही अभिनयानं सभागृह जिंकते, तिला पदवीची चार वर्षं चोरावी लागत नाहीत. बॅलेतल्या मुलीला ती रोज शरीराकडून मागून घ्यावी लागतात. म्हणून तिच्या कॉलेजची रचना जास्त विचारानं व्हावी लागते, आणि मिस्टर सी यांनी ती तशी केली.

ते १९७८ पर्यंत कंपनीत होते आणि २००१ मध्ये, ९९ व्या वर्षी, सॉल्ट लेकमध्येच वारले. त्यांचा ‘नटक्रॅकर’ इथं अजून दर डिसेंबरात होतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता बॅले शिकणाऱ्या मुली वाढल्या आहेत, आणि त्यांचे आईवडील मला कधी मंडळाच्या गणपतीत गाठून विचारतात. त्यांना माझी विनंती एवढीच: कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारतीची काच आणि ब्रोशरवरचे फोटो बाजूला ठेवा. रोज बारवर किती तास उभं करता, क्लासला पियानोवादक आहे की स्पीकर, त्याच गावात कंपनी आहे का आणि तिच्या खेळांत विद्यार्थ्यांना उभं राहायला मिळतं का, हे विचारा. आणि शेवटी हे विचाराच: दुसऱ्या वर्षी मुलीला करार आला तर तिची जागा राखून ठेवाल का, आणि ती तिशीत परत आली तर तिला उरलेली पदवी पूर्ण करू द्याल का? या दोन्हींना जे कॉलेज लेखी हो म्हणेल, तिथं मुलीला पाठवा.